आधी कंदील

श्रेणिक,
येताना एक वाक्य तयार करून आलो होतो.
सांगलवाडीहून निघालो, आयर्विन पुलावर
दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.
मग तुझ्या दारात चपला दिसल्या, चौदा जोड,
आणि ते वाक्य तिथंच काढून ठेवलं
माझ्या चपलांशेजारी.

आत सगळे तेच बोलत होते.
ब्याण्णव म्हणजे काही कमी नव्हे.
पतवंडं पाहिली की हो.
तू मान हलवत होतास,
काट्यावर पोतं पडावं
आणि काटा हलून पुन्हा जागेवर यावा, तसा.
ब्याण्णव ही काय सूट आहे का रे
दुःखाच्या बिलातून वजा करायची?
तुला तर त्यातली सदतीसच मिळाली.

मिरजेच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं
तेव्हापासून हे स्टूल सोडलं नाहीस तू.
सलाईनचा स्टँड परत गेला.
खुंटीला त्याची टोपी तशीच,
घडीवर हळदीचा जुना डाग.

मला आठवतं ते वेगळंच.
आपण सातवीत. हरिपूरला पेवाचं तोंड उघडलेलं,
वरची माती बाजूला, फरशी बाजूला,
आणि मला आत उतरायची घाई.
आज्ज्यानं कॉलर धरली माझी :
"थांब गा. वरीसभर कोंडलेली हवा हाय ती.
आधी कंदील, मग माणूस."
दोरीला बांधून सोडला त्यानं
वीस फूट अंधारात,
आणि तो विझला.
काही न बोलता वर ओढला, काच पुसली,
आपल्याला शेंगा दिल्या खायला.
दुपार कलली. पुन्हा सोडला. पुन्हा विझला.
"हवेला घाई करता येत न्हाई."
संध्याकाळी कधीतरी तो जळत राहिला
आणि खाली दिसली हळदच हळद.
आठवडाभर माझ्या आईला
माझ्या उशीला वास येत होता.

ती पेवं महापुरात गेली.
पाणी उतरल्यावर तो एकटाच गेला होता,
एकेका तोंडाशी थोडं थोडं बसत.
काय करत होता म्हणून विचारलं
तर म्हणाला, भेटून आलो.

म्हणून मी तुला उतर म्हणणार नाही.
रडून मोकळा हो म्हणणार नाही,
घट्ट राहा तर नाहीच नाही.
मी बाहेर पायरीवर आहे.
शेंगा आणल्यात.

आणि मघाशी तू म्हणालास ना,
गोधडीखाली तो बोटं दाबतोय तुझी,
आधी तीन, मग अख्खा पंजा,
मग नुसती करंगळी, बराच वेळ.
झटके असतील, असं नर्स म्हणाली.
अरे वेड्या, रुमालाखालचे सौदे विसरलास?
वखारीत पोत्यांवर बसून बघायचो आपण,
तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा
आणि कापडाखाली बोटांत बोटं.
तो भाव बोलतोय.
कुठल्या मालाचा, ते मला सांगता येणार नाही.
तूही अर्थ लावत बसू नकोस.
फक्त सौदा मिटेपर्यंत
हात काढून घ्यायचा नसतो,
एवढा एकच नियम आपल्याला कळला होता तेव्हा.

सहा वाजून गेले.
तुझी आई ताट घेऊन दोनदा येऊन गेली.
दिवस मावळायच्या आत खाऊन घे.
मध्येच डोळे उघडले
तर पहिलं तेच विचारेल तो,
आणि त्याच्याशी खोटं बोलणं
तुला कधी जमलंय?
उजवा हात राहू दे त्याच्याकडे.
घास मी करतो.